गोलपोस्टमध्ये कोणी उभं राहीना

शाळांच्या फुटबॉल लीगमध्ये त्या क्रीडाशिक्षकांना तोंडावर सगळे ‘सर’ म्हणत आणि पाठ वळली की ‘घार’. नजरच तशी होती. दुसऱ्या शाळेच्या कुंपणाबाहेर स्कूटर लावून उभे राहायचे आणि धुळीत धावणाऱ्या घोळक्यातलं कोणतं पोर उद्या चमकणार, हे बरोबर हेरायचे. मग त्या पोराच्या घरी चहा. फी माफ, नवे बूट, वसतिगृहात खोली. पुढच्या वर्षी ते पोर सरांच्या शाळेच्या निळ्या जर्सीत.

पहिल्यापासून ते असे नव्हते. नोकरीला लागले तेव्हा त्यांचा संघ कायम तळाला असायचा. शिक्षकांच्या खोलीत कोणी ना कोणी विचारायचंच, “काय सर, आज किती गोल खाल्ले?” ते हसून सोडून देत, पण ते हसू घशाखाली उतरत नसे. हरून हरून माणूस एक तर शहाणा होतो, नाहीतर हावरा. सर हावरे झाले.

निळा संघ जिंकू लागला. आधी काठावर, मग दणक्यात, मग समोरच्याची कीव यावी इतका. एकेक शाळा लीगमधून गळू लागली. “परीक्षा आहेत,” “मैदान दुरुस्तीला काढलंय,” अशी कारणं यायची. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. प्रेक्षकही आटले. निकाल आधीच माहीत असलेला खेळ बघायला कोण येणार? गोल झाला की टाळ्या नाहीत, नुसता जाळीचा सळसळाट.

सरांना आतून काहीतरी खटकत होतं. पोरं बिघडत चालली होती. चेंडू मागे गेला तरी बचावाची पोरं कमरेवर हात ठेवून उभी राहायची. एकमेकांना पास देणं बंद झालं होतं. जीव तोडून धावावं असं समोर कोणी नव्हतंच, तर धावायचं कशाला? आणि या रिकामपणात पोरांनी स्वतःची एक करमणूक शोधली होती.

ती सरांना दिसली मेव्हण्याच्या संघाशी सामना होता तेव्हा. मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, गिरणीमागच्या शाळेत खेळ शिकवायचा. त्याचीही चांगली पोरं सरांनी उचलली होती. त्यावरून घरात कितीतरी दिवस अबोला होता. मध्यंतरापर्यंत सामन्यात काही उरलं नाही. त्यानंतर निळी पोरं गोल करीनातच. समोर अख्खी बाजू मोकळी असली तरी चेंडू मारायचे तो गोलकीपरच्या अंगावर. पोटावर. मांडीवर. वर्मी बसला की एकमेकांकडे बघून हसायचे.

मेव्हणा रेषेवरून धावत आला. “दाजी, आवरा यांना! पोरगं कळवळतंय माझं.”

“मग दुसरा गोलकीपर उतरव ना.”

“होता की. तो काय, तुमच्या बाकावर बसलाय.”

“खेळात लागतंच रे,” सर म्हणाले. एक हाक पुरली असती. त्यांनी ती मारली नाही.

तेवढ्यात कप्तान एकटाच चेंडू घेऊन पुढे घुसला. उंच, शांत, सरांचा सगळ्यात लाडका. उजवीकडचं जाळं सताड उघडं होतं. त्याने मान वर करून गोलकीपरचा चेहरा नीट पाहिला आणि मारला. दगडावर धुणं आपटावं तसा आवाज आला. गोलकीपर पडला तो उठलाच नाही.

डोळा वाचला, पण यापुढे त्या डोळ्याला अंधूकच दिसेल, असं डॉक्टर म्हणाले. सरांच्या बायकोने त्यांचं ताट वाढलं आणि एवढंच विचारलं, “तुम्ही तिथेच उभे होतात ना?”

उरलेल्या शाळांनीही अंग काढून घेतलं आणि निळा संघ बसल्या जागी विजेता ठरला. मोठ्या स्पर्धेसाठी परगावी गेला. तिथे समोरच्यांनी पहिलाच गोल केला, तशी पोरं सरांकडे बघत राहिली, जणू कोणीतरी नियम मोडला होता. मागे पडल्यावर कसं खेळायचं, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. पार धुव्वा उडाला. परतीच्या बसमध्ये कोणी रडलं नाही, कोणी भांडलंही नाही. कप्तान खिडकीतून बाहेर बघत बारीक शीळ घालत होता. सर गाव येईपर्यंत ती शीळ ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते मुख्याध्यापकांकडे गेले. “पोरांना आपापल्या शाळेत परत पाठवू या.”

“डोकं ठिकाणावर आहे ना?” मुख्याध्यापकांनी चषकांच्या कपाटाकडे बोट दाखवलं.

मेव्हण्याने तर दारातच उत्तर दिलं. “आता पोरं परत घेऊन काय करू, दाजी? इथे चेंडूचं नाव काढलं की आया मुलांना घरात ओढतात.”

लीग पुन्हा भरली नाही. उरला तो निळ्या पोरांचा आपसातला सराव. सरांनी दोन गट पाडले, पण एका गोलपोस्टमध्ये कोणी उभं राहीना. त्या बाजूला कप्तान मारणार होता. सरांनी एकेकाला हाक मारली. एकेकाने मान खाली घातली.

शेवटी सरांनी स्वतःच हातमोजे चढवले. जुना गुडघा कुरकुरला. कप्तानाने चेंडू गवतावर ठेवला आणि संथपणे मागे गेला. बाकीची पोरं दोन्ही बाजूंना सरकली.

मग कप्तानाने मान वर केली आणि सरांचा चेहरा नीट पाहिला.