डाव्या बाजूचा रवा

मृदंगाच्या डाव्या बाजूचा घुमारा हाताच्या ताकदीने येतो असं ज्याला वाटतं, त्याने खुशाल माझ्याकडे येऊन ऐकून घ्यावं. डोंबलाची ताकद! तो येतो रव्याने. उपम्याच्या रव्याने. उजव्या बाजूला काळी शाई कायमची बसवलेली असते, सूर तिथला. डावं कातडं मात्र कोरं. वाजवायला बसण्याआधी घट्ट भिजवलेला रवा पुरीएवढा त्याच्या मधोमध थापायचा. त्या ओल्या वजनाने कातडं सावकाश हलतं आणि आतून खोल ‘धुम्म’ उठतं. रवा नसेल तर तेच कातडं रिकाम्या डब्यासारखं टणटणतं. जास्त झाला तर आवाज बसतो. किती लावायचा हे थाप मारून कानाने ठरवायचं, दुसरा उपाय नाही.

हे मला शिकवलं अप्पांनी, माझ्या वडिलांनी, म्हैसूरच्या अग्रहारातल्या, म्हणजे ब्राह्मण आळीतल्या, आमच्या घरी. मी आणि माझा थोरला भाऊ अण्णा एकदमच शिकायला बसलो. अण्णा बँकेत चिकटला आणि त्याचा रियाज सुटला. मी मात्र रोज पहाटे दोन तास, बारा वर्षं.

बाविसाव्या वर्षी मला पहिली कचेरी मिळाली. गाण्याच्या मैफलीला आमच्याकडे कचेरीच म्हणतात. आमच्याच गल्लीतला रामनवमीचा मांडव, आणि साथ करायची बाहेरून येणाऱ्या एका नावाजलेल्या गायकाला. आठ दिवस मला दुसरं काही सुचत नव्हतं.

गायक आला. मला मृदंगाशी बसलेली पाहिलं आणि अप्पांकडे वळून म्हणाला, “हेण्मक्कळ कैगे तूक इल्ल, स्वामी.” बायकांच्या हाताला म्हणे वजन नसतं! माझी एक थापही न ऐकता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी अप्पांकडे पाहिलं. त्यांनी फक्त एक वाक्य बोलायचं होतं, ‘आधी ऐका तरी’ एवढंच. पण ते अण्णाला म्हणाले, “तू बस रे.” आणि मला, अगदी मऊ आवाजात, “तेवढा रवा लावून दे ग. त्याला जमत नाही.”

दिला लावून. आणि चांगला लावला, कारण वाईट लावणं मला येतच नव्हतं. उठून पहिल्या रांगेत बसले आणि दात आवळून ऐकत राहिले.

तिसरी कृती, म्हणजे तिसरं गाणं, संपल्यावर गायकाने माईकवरून अण्णाच्या डाव्या हाताची तारीफ केली. काय वजन आहे म्हणे हाताला! मांडवात टाळ्या. अण्णा बेशरम, मान लववून हसला. अप्पाही टाळ्या वाजवत होते. मी स्वतः पाहिलं.

पंख्याच्या वाऱ्याने रवा वाळायला लागला होता. पाण्याचा हात फिरव म्हणून अण्णाने मला खुणावलं. मी वर चढले. पाणी नाही लावलं. नखाने कड उचलली आणि अख्खा रवा सोलून मुठीत घेतला.

“अय्यो, काय करतेस ग!” अण्णा कुजबुजला.

“वाजव आता,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. “तुझ्या हाताला वजन आहे ना?”

त्याने गडबडून थाप मारली. टण्! मांडवभर हशा पिकला. पानक वाटणाऱ्या बायकासुद्धा पेले धरून हसत राहिल्या. गायकाचं तोंड एवढंसं झालं. देवाशप्पथ, मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात अप्पा उठले. मला वाटलं, आता तरी. सगळ्यांसमोर उघड झालंय, आता तरी अण्णाला ऊठ म्हणतील आणि मला बस म्हणतील. ते वर आले. माझी मूठ उघडून त्यांनी रवा काढून घेतला, पाण्याचे दोन थेंब टाकून पुन्हा मळला आणि स्वतःच्या हाताने मृदंगावर थापला. टिचकी मारून ऐकलं. “हं, चालू दे,” अण्णाला म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, “जा, हात धुऊन घे.”

अप्पांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. गेलेल्या माणसावर राग धरू नये, असं सगळेच मला सांगतात. मी धरलाय. गायकावर नाही धरला, त्याने माझा हात कधी ऐकलाच नव्हता. अप्पांनी बारा वर्षं ऐकला होता.