रोडग्यांच्या जेवणाचं पोस्टर

आमच्या दहावीच्या वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एरवी त्यावर गुड मॉर्निंगची फुलं आणि लग्नाबारशाचे फोटो. दारव्ह्यात माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणारी माझी मैत्रीणही त्यात होती. ब्लाउज शिवायची. तिला रक्ताचा कॅन्सर निघाला, नागपूरच्या फेऱ्यांत घरातलं होतं नव्हतं ते सरलं. पुढच्या उपचारांसाठी आम्ही मैत्रिणींनी रोडग्यांचं जेवण ठरवलं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण. कूपन घ्या, पोटभर जेवा, पैसे तिला.

पोस्टरचं काम मी अंगावर घेतलं. मला सगळंच येतं, असा माझा जुना समज.

"माहा फोटो कायले वं? रोडग्याचा टाक ना," ती म्हणाली.

"रोडगे पाहून कोणाले दया येत नाही," असं म्हणून मी तिला गप्प केलं.

भाचीच्या लग्नातला तिचा फोटो निवडला. हिरवा शालू, भरघोस केस, आजाराआधीची. मोबाईलमध्ये एक तयार चौकट सापडली, भोवती झेंडूची फुलं आणि खाली जोडलेले हात. मला ती फार आवडली. तारीख, वेळ, कार्यालय असं सगळं नीट लिहिलं आणि सकाळी शाळेत शिकवायला जाण्याआधी ग्रुपवर टाकलं.

मधल्या सुट्टीत पाहिलं, तर पहिल्याच शहाण्यानं लिहिलं होतं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. आमच्याकडे मजकूर वाचतो कोण? त्याच्यामागे सगळे, मेंढरांसारखे. 'विश्वास बसत नाही.' 'फार गुणी होती.' पुसदच्या एकीनं लिहिलं, 'माझ्या लग्नातला ब्लाउज तिनं एका दिवसात शिवून दिला, पैसे घेतले नाहीत.' हे जिवंतपणी सांगायला काय झालं होतं? माझं डोकं फिरलं. तोंडाला येईल ते लिहिणार, तेवढ्यात तिचाच मेसेज आला.

'मी जित्ती आहो. रविवारी रोडगे खायाले या.'

शाळा सुटल्यावर रडतच तिच्याकडे गेले. चूक माझी होती. तिचं ऐकलं असतं तर हे घडलं नसतं.

"काहून रडून राह्यली? लोकायनं काय काय लिहिलं ते वाच तरी," ती म्हणाली. मग डोळे पुसत हसली. "शरमेनं तरी येतीन आता सगळे."

आले. त्या रविवारी भाजी दोनदा टाकावी लागली. ती दारात खुर्ची टाकून बसली होती आणि प्रत्येकाला म्हणत होती, "पाहून घे, मीच आहो." उपचार पुन्हा सुरू झाले. आम्हाला वाटलं, आता ती वाचली.

पावसाळा सरता सरता ती गेली. ग्रुपवर मीच कळवलं. फोटो टाकला नाही, एक साधी ओळ लिहिली. सगळ्यांनी वाचली, पण खाली कोणी एक अक्षर लिहायला धजेना. मग फोन सुरू झाले. "खरंच काय वं? का मांगच्यासारखंच?" एकेकाला मी सांगत होते, खरंच गेली.

पुसदची ती बाई मात्र काही केल्या ऐकेना.

"तूच चुकली असशीन. एकदा तिले फोन तर लावून पाह्य."

मला कोणी चुकलीस म्हटलं की मी भांडते. त्या दिवशी भांडले नाही. हिचंच खरं निघावं, एवढंच वाटत होतं.