‘काही नाही’चं उट्टं

शिंपीणबाईंना ऐकू येईनासं झालं, तेव्हापासून जेवताना हशा पिकला की त्या नवऱ्याला विचारायच्या, “काय झालं हो?” तो मान वर न करता म्हणायचा, “काही नाही.” हे ‘काही नाही’ त्यांनी वर्षानुवर्षं गिळलं. शेवटी लेकीने कान तपासून घेतले, दोन्ही कानांना यंत्रं बसवून आणली. आता बाईंना कात्रीची कुरकुरसुद्धा ऐकू येते.

नवऱ्याचा जन्म मात्र लेथ मशीनच्या खडखडाटात गेला. “हल्ली लोक पुटपुटतात,” असं तो म्हणतो. काल सगळे खदखदून हसले, तेव्हा त्याने विचारलं, “काय झालं गं?”

बाईंनी सावकाश घास चावला. “काही नाही.”

त्यालाही यंत्रं आणायची आहेतच. पण आधी मेल्याला पोटभर ‘काही नाही’ खाऊ दे.