फ्राऊ लेमानची पन्नास काडतुसं

“हेर जोशी, परत सांगा. फोनवर तुम्ही फ्राऊ लेमानना काय सांगितलंत?”

हे माझे जर्मन बॉस, फोगेल. त्यांच्या भाषेत ‘हेर’ म्हणजे श्रीयुत, ‘फ्राऊ’ म्हणजे श्रीमती; या लेमानबाई आमच्या ग्राहक. ते ओरडायचे तेव्हा मी निर्धास्त असायचो. त्या दिवशी मात्र ते अगदी हळू बोलत होते.

“त्यांची काडतुसं पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये अडकत होती. मी म्हटलं, स्क्रू एक फेरा खाली घ्या. लांबी कमी होईल, बसतील.”

“आणि दारू?”

“दारू कशाला बदलायची?”

फोगेलनी फोन लावला. बंद. त्यांनी जाकीट चढवलं. “चला. चार वाजता त्यांची प्रॅक्टिस असते.”

येनाजवळच्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये काडतुसं घरी भरण्याची यंत्रं बनायची. जर्मनीत रीतसर परवाना काढून नेमबाज मंडळी हे करतात. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी घ्यायची, ठिणगी पाडणारी नवी टोपी, मोजून दारू, वर गोळी दाबून बसवायची. गोळी किती खोल बसेल ते एका स्क्रूवर ठरतं. तो स्क्रू मीच डिझाइन केला होता. त्यामुळे त्या विषयातलं मला सगळं कळतं, अशी माझी गोड समजूत होती.

गाडीत फोगेलनी ती समजूत उतरवली.

“गोळी खोल गेली की आतली जागा कमी होते. दारू तेवढीच. मग दाब?”

माझ्या डोळ्यांसमोर आईचा कुकर आला, शिट्टी जाम झालेला.

“पण एखाद्याच मिलिमीटरचा फरक आहे!”

“पिस्तुलाच्या पुंगळीत जागाच केवढी असते? पिस्तूल फुटू शकतं. बाईंच्या हातात.”

पुढे पन्नासच्या वेगमर्यादेची पाटी आली. फोगेल पन्नासनेच गेले.

“जरा जोरात घ्या ना!”

“गेनाऊ पन्नास,” ते म्हणाले, म्हणजे बरोब्बर पन्नास. मी मनातल्या मनात त्यांना अस्सल मराठीत बरंच काही ऐकवलं.

क्लबच्या दारात पोचलो आणि आतून आवाज आला. धाड! मी धावलो. आयुष्यात तसा पुन्हा धावलेलो नाही, पोटानेही पुढे परवानगी दिली नाही.

फ्राऊ लेमान कोपऱ्यातल्या टेबलाशी केक खात होत्या. साठी उलटलेल्या, ताठ, शाळेतल्या मुख्याध्यापिकेसारख्या. झाडत होतं दुसरंच कुणीतरी. बाईंपुढे पन्नास आखूड काडतुसं ओळीत मांडलेली, एकही कमी नाही.

“उशीर केलात,” त्या म्हणाल्या. “तुमचा ई-मेल कुठाय?”

“कसला ई-मेल?”

त्यांनी वही उघडली. पुंगळी, दारू, वजन, लांबी, सगळं सुवाच्य अक्षरात. शेवटचा रकाना रिकामा. “इथे माहितीचा स्रोत लिहायचा असतो. तो भरल्याशिवाय मी गोळी झाडत नाही. काय लिहू? ‘हेर जोशी फोनवर म्हणाले’?”

फोगेल हसू दाबायला खिडकीकडे वळले.

ती पन्नासच्या पन्नास काडतुसं मी सोडवली. त्यासाठी पोकळ डोक्याचा हातोडा असतो. त्यात काडतूस अडकवून आपटलं की गोळी पुंगळीतून निघून येते. बाई शेजारी बसून मोजत होत्या. मग दारू कंपनीच्या तक्त्यात नेमकी तीच गोळी आणि तीच लांबी शोधली. सुरुवात सर्वांत कमी वजनापासून. थोडीच काडतुसं भरायची, झाडायची, पुंगळ्या तपासायच्या, मगच किंचित वर. कमाल आकड्याच्या बरंच अलीकडे पिस्तूल सुरळीत चालू लागलं, तिथेच थांबलो. या सगळ्यात तीन शनिवार गेले आणि प्रत्येक शनिवारी केक मिळाला.

आता फोगेल निवृत्त झालेत. वर्कशॉपच्या जागी योगा स्टुडिओ आलाय. तिथून जाताना मला अजून मशीन ऑइल आणि त्यांच्या डब्यातल्या लिव्हरवुर्स्टचा, म्हणजे कलेजीच्या सॉसेजचा, एकत्र वास येतो. तो तेव्हा असह्य वाटायचा.

बाकी शिकलो ते एवढंच: काडतुसाची लांबी बदलली की दारूचा हिशोब पुन्हा तळापासून. आणि ग्राहकाने आपल्यावर लगेच विश्वास ठेवला नाही, तर आधी त्याचे आभार मानावेत.