डब्यांवरचे आकडे

इंदूबाईंचा दुधावर विश्वास नव्हता, दूधवाल्यावर नव्हता, आणि म्हशीवर तर मुळीच नव्हता. दारव्हा स्टेशनाजवळच्या त्यांच्या घरात दूध यायचं ते इंदूबाई स्वतः गोठ्यात उभ्या राहून काढून घेत तेव्हाच. दूधवाल्याकडे त्यांनी उभ्या जन्मात पाठ केली नाही.

अपवाद एकच, रेल्वेचा फाटकवाला शंकरसिंग. नाल्याला पूर असताना त्याने डॉक्टरांना खांद्यावर बसवून आणलं होतं, म्हणून इंदूबाईंची लेक नलू तापातून वाचली. तेव्हापासून इंदूबाई त्याला राखी बांधत. यंदा भाऊबीजेला भाचीसाठी चावीची आगगाडी आणतो, असं तो म्हणाला होता.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी फराळ घेऊन त्या फाटकाच्या खोलीकडे गेल्या, तर दार अर्धवट लोटलेलं. आत शंकरसिंग मांडीवर गाडीचा लाल डबा घेऊन बसला होता. तेलात भिजवलेला कापूस डब्यावरच्या पांढऱ्या आकड्यावर दाबून धरायचा, मग बांबूच्या बोथट चिपेने आकडा हळूच लोटायचा.

इंदूबाई दारातच थांबल्या. आकडा कोण पुसतं? ज्याला माल ओळखू द्यायचा नाही तो! गेल्याच महिन्यात इंजिनियर साहेबांची बदली झाली, सामानातल्या काही वस्तू गहाळ झाल्या अशी फलाटावर कुजबुज होती. सामान चढवून दिलं होतं मालबाबूंनी, म्हणजे इंदूबाईंच्या यजमानांनी, बबनरावांनी. ही गाडी त्या सामानातलीच असली आणि आपल्या घरात सापडली, तर त्यांची नोकरी राहील?

"कायले पुसून राह्यले, भाऊ?"

शंकरसिंग दचकला. डबा धोतराच्या सोग्यात लपवत म्हणाला, "तुमी काहून आल्या, ताई? उद्या मीच येत होतो ना."

लपवलं! इंदूबाई फराळ उंबऱ्यावर ठेवून तडक घरी आल्या.

"साहेबाची गाडी शंकरसिंगाजवळ आहे. चोरली त्यानं."

बबनराव अंघोळीला निघाले होते. "साहेबानं माह्यासमोर देल्ली त्याले. जुनी झाली, घेऊन जा म्हणे."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तू साहेबाचीच झडती घेतली असती."

"मंग आकडे कायले पुसते तो?"

"थे मले नाही माईत," म्हणून बबनराव न्हाणीत शिरले.

म्हणजे काहीतरी होतंच. इंदूबाई पुन्हा फाटकावर.

"खरं सांगा भाऊ, नाही तं उद्या ओवाळणार नाही."

शंकरसिंगाचा हात थांबला. "आमच्या बापाची रीत हाय, ताई. बैल कोनाले देल्ला का त्याच्या शिंगावरचा आपला रंग खरडून द्याचा. पह्यल्या मालकाची खून राह्यली तं जीव मांगंच अडकते. आन् घेनाऱ्यानं थे पाह्याचं नसते."

इंदूबाईंना शंकरसिंगाच्या लेकीचा, लालीबाईचा, बैल आठवला. लेकीला द्यायच्या आधी शंकरसिंग त्याची शिंगं खरडत होता. बैल त्याच्याच घरचा, वासरापासून पाहिलेला; तरी तेव्हाही त्यांच्या मनात चोरीच आली होती.

"अहो, पण हे आकडे कारखान्याचे. साहेबाची खूण नव्हे ही."

"असन. पन माही खून तं नाही ना?" तो म्हणाला. "रॉकेलानं लवकर निघते, पन खालून लावून पाह्यलं तं लाल रंगच सुटला. मंग तिळाचं तेल घेतलं. एकच डबा राह्यला आता. तुमी जा."

इंदूबाई गेल्या नाहीत. उंबऱ्यावर बसल्या, त्याच्याकडे चक्क पाठ करून, रुळांकडे तोंड. आत बांबूची चीप पुन्हा चालू लागली.

जरा वेळाने, मान न वळवता त्यांनी विचारलं, "भाऊ, लाल रंग तं जाऊन नाही राह्यला ना?"