लिफ्टचं प्रेझेंटेशन

संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला एक प्रोजेक्ट होता. दोघादोघांनी मिळून आजूबाजूचं काहीतरी मोजायचं, त्याचा अर्थ लावायचा आणि मग वर्गासमोर उभं राहून तो सांगायचा. मोजायला मी एका पायावर तयार होते. सांगायचं म्हटलं की मी दुसऱ्याला पुढे करायचे.

माझी जोडीदार आमच्या नेरूळला लागून असलेल्या सारसोळे गावातली होती. तिच्या घरची मंडळी खाडीत मासेमारी करणारी. अकरावीत ती माझ्या बाकावर येऊन बसली आणि कॉलेज संपत आलं तरी तिथून उठली नव्हती. प्रोजेक्टसाठी विषय शोधायला ती एका संध्याकाळी आमच्याकडे नेरूळला आली आणि आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टसमोर ताटकळली. वर आली ती वैतागूनच. चपला काढता काढता म्हणाली, "विषय मिळाला. तुमची लिफ्ट."

मग आम्ही खाली खुर्च्या टाकून बसायला लागलो. कोण कधी आलं, किती थांबलं, लिफ्ट कुठल्या मजल्यावर होती, सगळं टिपून घ्यायचं. येणारेजाणारे चौकशी करायचे, एकदोघांना आम्ही महापालिकेकडून आलोय असं वाटलं. थोड्याच दिवसांत एक गंमत लक्षात आली. संध्याकाळी लोक कामावरून घरी येत, तेव्हा आमच्या दोन्ही लिफ्ट बहुतेक वेळा वरच्या मजल्यांवर रिकाम्या उभ्या असायच्या.

इतकी साधी गोष्ट, पण मी तिच्या भरमसाट स्लाइड केल्या. प्रत्येक स्लाइडवर वरपासून खालपर्यंत मजकूर, शिवाय उडत येणारे बाण. वर्गात चाचणीच्या दिवशी मी पडद्याकडे तोंड करून सगळं वाचायला लागले. तिसऱ्या स्लाइडला आमच्या प्रोजेक्टच्या मॅडमनी थांबवलं. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "वाचता मलाही येतं. तू काय पाहिलंस ते सांग." मी मान हलवली आणि पुढची स्लाइड वाचायला घेतली. दुसरं काय करायचं ते मला खरंच माहीत नव्हतं.

मैत्रिणीची तऱ्हा उलटी. ती इतकी सुसाट बोलली की स्लाइड बदलायच्या आत तिचा भाग संपला होता. मॅडमनी दोघींना सांगितलं, की परीक्षेला अजून अवकाश आहे, तोवर ज्यांना हा विषय अजिबात येत नाही अशा माणसांसमोर बोलून बघा.

घरी प्रयोग करून पाहिला. आई मेथी निवडत ऐकत होती, अर्ध्यावर तिने विचारलं की दुपारी डबा खाल्लास ना. बाबांनी शुद्धलेखनाची एक चूक शोधून काढली आणि त्यातच ते खूश झाले. शेवटी आम्ही सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये गेलो. तिथे संध्याकाळी ज्येष्ठ मंडळी कॅरम खेळत. त्यांनी हौसेने खेळ थांबवला, खुर्च्या वळवल्या आणि आमचा लॅपटॉप टेबलावर ठेवायला जागा करून दिली.

पुढच्या खुर्चीत दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा बसले. बेलापूरच्या एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांना कमी ऐकू यायचं, आणि कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून ते शर्टाच्या खिशात असायचं. मी बोलायला लागले आणि सवयीने लॅपटॉपकडे वळले. आजोबांनी हात वर केला.

"पोरी, तोंड इकडे कर. मला तोंड दिसलं तरच ऐकू येतं."

मी वळले. दोन वाक्यं झाली आणि मान पुन्हा स्क्रीनकडे गेली. पुन्हा हात वर. त्या संध्याकाळी त्यांचा हात खाली कमी आणि वर जास्त होता. मैत्रिणीची पाळी आली तेव्हा तिला म्हणाले, "बोलतेस झकास. पण मी पहिल्या वाक्यावर असतो तेव्हा तू चौथ्यावर पोचलेली असतेस." ती खळखळून हसली. तेवढ्यात सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या काकूंना आमचा रोख आपल्यावर आहे असं वाटलं, आणि लिफ्ट वर कोण अडवून ठेवतं यावर हॉलमध्ये जोरदार वाद पेटला. आमचं प्रेझेंटेशन तिथेच संपलं.

घरी जाऊन आम्ही स्लाइड उघडल्या. आजोबांकडे बघत बोलायचं तर स्क्रीनवरचं वाचता येणार नाही. वाचायचं नाही तर लक्षात ठेवायला हवं. आणि लक्षात राहायचं तर सांगायचं कमी हवं. मैत्रीण एकेका स्लाइडवर बोट ठेवून विचारायची, "ही लोकांनी वाचायची हाय का ऐकायची? एक काय ते ठरव." मला ठरवता आलं नाही की ती स्लाइड उडवायची. बाण गेले, सूत्रं गेली. एका स्लाइडवर मी नुसतं चित्र काढलं. उंच इमारत, वर दोन रिकाम्या लिफ्ट, खाली पिशव्या घेतलेली काडीसारखी माणसं.

मग आम्ही रोजच हॉलमध्ये जायला लागलो. बाकीचे एकेक करून कॅरमकडे परतले, आजोबा मात्र पुढच्या खुर्चीत येऊन बसायचे. मैत्रीण एक वाक्य संपलं की मनात श्वास मोजायची आणि मग दुसरं सुरू करायची. एक दिवस मी शेवटपर्यंत आले आणि लक्षात आलं, की आजोबांचे दोन्ही हात मांडीवर आहेत. चित्राकडे बोट करून ते म्हणाले, "आज मला त्या लिफ्टचा राग आला." इतकी शाबासकी मला त्याआधी कुणी दिली नव्हती.

परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातले एक सर आले होते. मी त्यांच्याकडे बघून सुरुवात केली, "संध्याकाळी आमच्या बिल्डिंगमध्ये खाली माणसं उभी असतात आणि वर दोन रिकाम्या लिफ्ट आराम करत असतात." वर्ग हसला. माझा जीव भांड्यात पडला. मध्येच संख्याशास्त्रातल्या एका चाचणीचं नाव आठवेना. पूर्वी मी पडद्याकडे वळले असते, आता सरांकडेच बघत राहिले. मैत्रीणही मध्ये पडली नाही, तसं आमचं ठरलं होतं. नाव आलं, मी पुढे गेले.

शेवटी सरांनी विचारलं, की तिसरी लिफ्ट बसवली तर काय होईल. ते आम्ही पाहिलं नव्हतं, आणि मी तसंच सांगून टाकलं. त्यावर मैत्रीण म्हणाली, "सर, काही बदललं नाय तर तिसरी पन वरच जाऊन बसेल." सरसुद्धा हसले. मग तिने सावकाश, एकेक मुद्दा घेत, तसं का होईल ते नीट समजावलं: शेवटचा माणूस उतरतो तिथेच लिफ्ट उभी राहते, आणि संध्याकाळी सगळे वरच जात असतात. पहिला नंबर क्रिकेटवर प्रोजेक्ट केलेल्या दोघांना मिळाला. आम्हाला गुण चांगले पडले आणि आमची काही तक्रार नव्हती.

पण आजोबा तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी सेक्रेटरींच्या मागे लागून सोसायटीच्या सभेत आम्हाला वेळ मिळवून दिला, पाण्याची टाकी आणि पार्किंग या दोन भांडणांच्या मधोमध. टाकीवरून तापलेली माणसं समोर होती. आम्ही चित्र दाखवलं आणि सरळ म्हणणं मांडलं. संध्याकाळी एक लिफ्ट आपोआप खाली येऊन थांबेल असं करून घ्या. पहिल्या हो म्हणाल्या त्या सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू. आपल्यावरचा आळ गेला म्हणून असेल, पण त्यांनी बाकीच्यांनाही गप्प केलं. ठराव मंजूर झाला.

लिफ्टवाला येऊन ते करून गेला त्या संध्याकाळी आम्ही दोघी मुद्दाम खाली जाऊन उभ्या राहिलो. लिफ्ट खरंच खाली येऊन थांबली होती. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे एक काका बॅग सावरत आले, लिफ्टकडे न बघताच वळले आणि सवयीने जिना चढून गेले. आम्ही हसत आत शिरलो आणि बटण दाबलं.