वायरमनची तोंडी परीक्षा

मे १९८३, करी रोडची चाळ, दुसरा मजला. हजर: बाबा, आई, मी आणि समोरच्या खोलीतली मावशी.

संपामुळे बाबांचा पगार थांबून वर्ष उलटलं होतं. वायरमनचा परवाना मिळाला तर मला लगेच काम मिळणार होतं. लेखी परीक्षा झाली होती, तोंडी चार दिवसांवर आली होती. बाबा पुस्तक धरून प्रश्न विचारत. गिरणीच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नसे आणि हळू दिलेलं उत्तर ऐकूही येत नसे. त्यामुळे माझा अभ्यास सगळ्या मजल्याचा होई.

"फ्यूज कुठल्या तारेवर?" बाबा ओरडले.

"न्यूट्रलवर!" मीही ओरडलो.

समोर तांदूळ निवडत बसलेली मावशी म्हणाली, "अरे मेल्या, फेजवर! माका पाठ झाला, तुका नाय?"

"मग तूच बस परीक्षेला, मावशी."

"बसतंय. पण शिडयेर कोण चढतलो?"

परीक्षेत मी इतक्या मोठ्याने उत्तरं दिली की परीक्षक म्हणाले, "अहो, मी इथेच बसलोय." पण पास झालो. त्या मजल्याने मला पास केलं, असंच मी आजही मानतो.

निकालाचे पेढे घरोघरी दिले. मावशीच्या दाराला मात्र कुलूप होतं. गिरणी उघडण्याची वाट पाहून ती आणि तिचे यजमान गावी निघून गेले होते. मालवणकडचं कोणी भेटलं की मी चौकशी करतो. तिचे पेढे अजून द्यायचे आहेत.